कडब्यापासून दुधापर्यंत: कोटीपोटातील जीवाणूंना सांभाळण्याची रीत

वाळलेला एक किलो कडबा आणि एक किलो ज्वारी वेगवेगळी जाळून त्यांची उष्णता मोजली, तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. दाण्यातले पिष्ट आणि काडीतले सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच कणांच्या साखळ्या आहेत; फरक आहे तो एक कडी दुसरीत कशी अडकवली आहे एवढ्याचाच. पिष्टाची कडी माणसाला, कोंबडीला आणि गायीलाही सोडवता येते. सेल्युलोजची कडी सोडवणारे विकर (एन्झाइम) मात्र गाय, म्हैस किंवा शेळी यांचे स्वतःचे शरीर बनवतच नाही. ते काम त्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात, आणि त्यांच्या उष्ट्यावर जनावर जगते. त्यामुळे गव्हाणीत काय टाकायचे हे ठरवताना, या चाऱ्यावर पोटातले जीवाणू नांदतील का, हा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो.

या जीवाणूंचे तीन स्वभाव लक्षात ठेवले की पुढची सगळी कृती आपोआप समजते. ते संथ असतात, म्हणजे त्यांना वेळ लागतो; ते आंबटपणा सहन करू शकत नाहीत; आणि नत्र (नायट्रोजन, प्रथिनांचा घटक) मिळाले नाही तर समोर चाऱ्याची गंज असूनही ते वाढत नाहीत.

आधी पोटात काय घडते ते

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या पुढे ऐवज मावतो आणि शरीराची जवळजवळ सगळी डावी बाजू त्याने व्यापलेली असते. आत तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, प्राणवायू जवळपास शून्य, आणि तंतुमय चाऱ्यावर असताना सामू (pH; आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) ६.२ ते ६.८ च्या दरम्यान असतो. अशा कोमट, काळोख्या, सतत घुसळल्या जाणाऱ्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जीवाणू, लाखाच्या घरात एकपेशीय प्राणी, शिवाय बुरशी आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव राहतात. त्यांपैकी एकपेशीय प्राणी आकाराने मोठे असल्यामुळे सर्वांत आधी, १८४३ साली, माणसाच्या नजरेला पडले. जीवाणूंची खरी ओळख पटायला आणखी शंभर वर्षे गेली, कारण प्राणवायू लागताच ते मरतात आणि साध्या प्रयोगशाळेत वाढत नाहीत. प्राणवायू पूर्णपणे वगळून त्यांना वाढवण्याची पद्धत अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी बसवली, तेव्हा कुठे हे विश्व उलगडू लागले.

एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात डाव्या कुशीला रबरी झाकण बसवलेली गाय मी पाहिली होती. झाकण काढून प्राध्यापकांनी मूठभर चारा बाहेर काढला, फडक्यातून पिळला आणि त्या हिरवट द्रवाचा एक थेंब कोमट काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. थेंबात लांबट, गोल, शेपटीदार असे असंख्य जीव गरगर फिरत होते. त्यांतल्या काहींच्या पारदर्शक पोटात गिळलेले पिष्टाचे कण स्पष्ट दिसत होते. काच थंड होत गेली तशी ती लगबग मंदावली आणि काही मिनिटांत थांबली. मात्र तंतूवर खरे काम करणारे जीवाणू त्या थेंबात थोडेच होते. ते फडक्यावर उरलेल्या चोथ्यातच होते, कारण ते द्रवात पोहत बसत नाहीत, काडीला चिकटून राहतात.

हे चिकटणे हाच तंतू पचण्याचा पहिला टप्पा आहे. काडीच्या बाहेरच्या बाजूला मेणचट थर असतो आणि त्यावर जीवाणूंना पकड मिळत नाही. जिथे काडी तुटली, चिरली किंवा चावली गेली, त्या कडेवरून ते आत शिरतात. काडी कोटीपोटात पोचल्यावर काही मिनिटांतच पहिले जीवाणू चिकटतात, पण पुरती वस्ती होऊन झीज सुरू व्हायला काही तास जातात. यातले तीन मुख्य कामकरी म्हणजे फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनस, रुमिनोकोकस आल्बस आणि रुमिनोकोकस फ्लेव्हफेसिअन्स. रुमिनोकोकस जातीचे जीवाणू अनेक विकरे एकाच सांगाड्यावर जोडून आपल्या पेशीच्या बाहेरील अंगाला लावतात. एक विकर साखळी मधेच तोडते, दुसरे तिच्या टोकाकडून तुकडे काढते आणि तिसरे उरलेल्या जोडकणाचे ग्लुकोज करते. बुरशीचे काम निराळे आहे. तिचे बीजाणू काडीवर बसतात, मुळांसारखे तंतू आत घालतात आणि टणक भाग आतून फोडतात, त्यामुळे जीवाणूंना नव्या कडा मिळतात. कोटीपोटातले हे फिरते बीजाणू बुरशीचे आहेत हे १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीवर काम करताना दाखवले; त्याआधी त्यांना एकपेशीय प्राणीच समजत असत.

सुटलेले ग्लुकोज गायीला मिळत नाही, ते जीवाणूच खातात. प्राणवायू नसल्यामुळे त्यांना ते पूर्ण जाळता येत नाही आणि अर्धवट जळालेला भाग आम्लांच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. ही आम्ले तीन: ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. चाऱ्यावर असलेल्या गायीत त्यांचे प्रमाण साधारण ६५, २० आणि १५ असे असते. कोटीपोटाच्या आतल्या अंगाला असलेल्या बोटांसारख्या उंचवट्यांतून ती सरळ रक्तात जातात आणि जनावराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा त्यांतून येतो. ॲसिटिक आम्लापासून कासेत दुधातले स्निग्धांश बनतात, प्रोपिओनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज आणि पुढे दुधातली साखर बनते. डेअरीत फॅट का लागत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते: तंतू कमी पडला, ॲसिटिक आम्ल घटले, फॅट उतरले.

या खटाटोपात हायड्रोजन सुटतो. तो साठला तर सगळे आंबवणे अडते, म्हणून मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडबरोबर जोडतात आणि जनावर तो वायू ढेकरेवाटे सोडते. चाऱ्यातली साधारण ६ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. जीवाणूंचे आयुष्यही वाया जात नाही. चाऱ्याबरोबर वाहत ते खऱ्या पोटात जातात, तिथे मरतात आणि पचतात. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिने या मेलेल्या जीवाणूंची असतात. घोड्याच्या शरीरात हेच आंबवणे लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात होते, म्हणून आम्लांतली ऊर्जा त्याला मिळते, पण जीवाणूंचे बहुतेक प्रथिन लिदीबरोबर निघून जाते.

लिग्निन मात्र कोटीपोटातल्या कोणालाच पचत नाही. काडी जून होते तसे हे लाकडी द्रव्य सेल्युलोजभोवती आणि त्याच्या जोडीच्या हेमिसेल्युलोजभोवती घट्ट बसते आणि जीवाणूंची वाट अडवते. बाकीचा लेख बऱ्याच अंशी ही अडवलेली वाट मोकळी करण्याबद्दल आहे.

पहिली पायरी: जनावराकडून माहिती घेणे

आहारात काहीही बदलण्याआधी तीन दिवस नुसते पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. दुपारी जनावरे निवांत बसलेली असताना गोठ्यात शांतपणे जावे आणि किती जनावरे रवंथ करत आहेत ते मोजावे. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जनावरांचे तोंड हलत असले पाहिजे. मग एका जनावरासमोर थांबून एका घासाला किती वेळा चावते ते मोजावे. पन्नास ते सत्तर वेळा चावून घास गिळला, क्षणभर थांबून गळ्यातून नवा घास वर आला, तर तंतू पुरेसा आहे. तीस-चाळीस चावण्यांत घास संपत असेल, तर चारा फार बारीक आहे किंवा खुराक (पेंड, भरडा) जास्त झाला आहे. चांगल्या चाऱ्यावरची गाय दिवसाचे सात ते नऊ तास रवंथ करते आणि दिवसभरात तिच्या तोंडातून शंभर लिटरच्या आसपास लाळ कोटीपोटात जाते. लाळेत सोडा आणि फॉस्फेट असते, म्हणजे आम्ल मारणारे औषध गाय स्वतःच तयार करते. ते किती तयार होईल हे तिला किती चावावे लागते यावर ठरते.

त्यानंतर डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून ठेवावी आणि घड्याळ लावावे. कोटीपोट आकुंचन पावते तेव्हा मूठ बाहेर ढकलल्यासारखी वाटते. दोन मिनिटांत तीन-चार वेळा तसे वाटले, तर घुसळण ठीक चालली आहे.

तिसरी तपासणी शेणाची, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. ओंजळभर ताजे शेण पीठ चाळण्याच्या जुन्या चाळणीत घ्यावे आणि नळाखाली पाणी निवळ येईपर्यंत धुवावे. चाळणीत उरलेला चोथा तळहातावर पसरून पाहावा. सेंटीमीटरभराहून लांब काड्या बऱ्याच दिसल्या, तर चारा कोटीपोटात पुरेसा थांबला नाही. मक्याचे किंवा ज्वारीचे अख्खे दाणे दिसले, तर भरडा जाड राहिला आहे. शेण पातळ, फेसाळ, आंबूस वासाचे असेल, तर पिष्टाचे आंबवणे मोठ्या आतड्यापर्यंत सरकले आहे असे समजावे. शेण कोरडे, कडक, थरांचे पडत असेल, तर पाणी किंवा नत्र कमी पडते आहे.

दुसरी पायरी: चारा निवडणे आणि कापणे

चाऱ्याची पचनीयता ठरते ती बरीचशी कापणीच्या दिवशी. नेपियर (चाऱ्याचे उंच गवत) पहिल्यांदा लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी आणि त्यानंतर दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कापावा. पुरुषभर उंची दिसते म्हणून महिना आणखी ठेवला, तर वजन वाढते पण त्या वजनात लिग्निनचा वाटा जास्त असतो. मुरघासाचा (हवाबंद मुरवायच्या हिरव्या चाऱ्याचा) मका दाणा चिकातून पिठाळ होण्याच्या बेतात असताना तोडावा. कडब्याच्या बाबतीत आपल्याला फारशी निवड नसते, कारण तो दाण्यामागून येतो. तरीही मालदांडी ज्वारीचा पानेदार, हिरवट झाक असलेला कडबा आणि पावसात भिजून काळा पडलेला कडबा यांच्यात जीवाणूंच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. भिजलेल्या कडब्यातली विरघळणारी साखर वाहून गेलेली असते आणि बुरशीचे विषही असू शकते. म्हणून गंजीवर ताडपत्री आणि गंजीखाली लाकडाचे किंवा दगडाचे बैठे हवेच. कोकणातल्या भाताच्या पेंढ्यात लिग्निनच्या जोडीला सिलिका भरपूर असते, त्यामुळे तो दिसायला मऊ असला तरी पचायला कडब्याहून जड जातो.

कुट्टीची, म्हणजे कापलेल्या चाऱ्याच्या तुकड्यांची, लांबी दोन ते चार सेंटीमीटर ठेवावी. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाने खाऊन बुंधे पायाखाली तुडवते, आणि कुट्टी केल्याने जीवाणूंना शिरकाव करायला नव्या कडाही मिळतात. मात्र कुट्टी जितकी बारीक तितकी चांगली, ही समजूत चुकीची आहे. कोटीपोटाच्या तोंडावर एक प्रकारची गाळणीच असते. काही मिलिमीटर इतका बारीक झालेला कणच पुढे सरकतो आणि बाकीचा रवंथीसाठी परत वर येतो. यंत्राचे पाते फार बारीक लावून चाऱ्याचा भुसा केला, तर तो रवंथ न होताच पुढे सरकतो, लाळ कमी होते आणि जीवाणूंना दीड-दोन दिवस मिळायला हवेत तिथे एकच दिवस मिळतो. सोयाबीनचे कुटार किंवा गव्हाचा भुसा मुळातच बारीक असतो, तेव्हा त्याच्याबरोबर लांब कुट्टीचा कडबा मिसळावाच.

तिसरी पायरी: जीवाणूंना नत्र देणे

कडब्यात प्रथिने साधारण ३ ते ४ टक्के असतात आणि पेंढ्यातही तेवढीच. एकूण आहारात प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली, की जीवाणूंना स्वतःची पेशी बांधायला नत्र उरत नाही, त्यांची संख्या घटते, चारा पोटात पडून राहतो आणि पोट भरलेलेच असल्यामुळे जनावर आणखी खात नाही. एप्रिल-मे महिन्यांत नुसत्या कडब्यावर असलेल्या बैलाचे पोट मोठे आणि बरगड्या वर दिसतात, त्याचे कारण हेच आहे. तो उपाशी आहे, पण गव्हाणीत कडबा तसाच शिल्लक राहतो.

सर्वांत सोपा उपाय द्विदल चारा. लसूणघास, बरसीम, चवळी, सुबाभळीचा पाला, शेवरी यांपैकी जे शेताच्या बांधावर येईल ते रोज चार-पाच किलो कडब्याच्या कुट्टीत मिसळावे. ओली, कोवळी लसूणघास उपाशीपोटी भरपूर दिल्यास फेसाळ पोटफुगी होते, म्हणून ती सुकवून आणि सुक्या चाऱ्यानंतर द्यावी. सुबाभळीत मायमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते, आणि त्याची कथा जीवाणूंचे महत्त्व फार चांगले दाखवते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणारी जनावरे आजारी पडत, पण हवाईतल्या शेळ्यांना तोच पाला बाधत नसे. रेमंड जोन्स यांनी याचा माग काढला, तेव्हा हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटात ते विष पचवणारा जीवाणू राहतो असे निघाले. तो १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडल्यावर तिथलाही त्रास थांबला, आणि १९९२ मध्ये त्या जीवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले. आपल्याकडेही सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवावी आणि हळूहळू वाढवावी.

हिरवा चारा नसेल तेव्हा युरिया प्रक्रिया करावी. तिचा फायदा दुहेरी आहे: युरियापासून सुटणारा अमोनिया लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांना बांधणाऱ्या गाठी सैल करतो आणि चाऱ्यात मुरलेले नत्र जीवाणूंच्या उपयोगी पडते. नीट केलेल्या प्रक्रियेनंतर प्रथिनांचे प्रमाण ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांवर जाते आणि जनावर चाराही जास्त खाते.

त्याची कृती अशी. वाळलेली कुट्टी किंवा पेंढा काट्यावर मोजून १०० किलो घ्यावा. अंदाजाने घेऊ नये. ४ किलो युरिया मोजून ५० ते ६० लिटर पाण्यात घालावा आणि एकही खडा तळाशी राहणार नाही इतका ढवळावा. गोठ्याजवळच्या उंच, पाणी न साचणाऱ्या जागी जाड प्लॅस्टिक अंथरावे. त्यावर कुट्टीचा वीतभर जाडीचा थर पसरावा, झाडांना पाणी घालायच्या झारीने त्या थराच्या वाटणीचे द्रावण सगळीकडे सारखे शिंपडावे, दाताळ्याने वरखाली करावे आणि पायांनी चांगले तुडवून हवा काढून टाकावी. असे थरावर थर रचत जावे. शेवटी वरून प्लॅस्टिक ओढून कडा मातीने आणि दगडांनी पक्क्या दाबाव्यात. एखाद्या कोपऱ्यातून अमोनियाचा वास येत असेल, तर तिथे फट आहे असे समजून ती लगेच बुजवावी, कारण तो वास म्हणजे आपले नत्रच बाहेर जात आहे. उन्हाळ्यात २१ दिवस आणि थंडीत चार आठवडे ढीग उघडू नये.

उघडताना एका बाजूनेच उघडावा. चारा पिवळसर तपकिरी, मऊ झालेला असतो आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. जिथे पांढरी किंवा काळी बुरशी दिसेल तो भाग फेकून द्यावा. दिवसाला लागेल तेवढाच चारा काढून सावलीत पसरून तासभर तरी वाऱ्यावर ठेवावा आणि मगच गव्हाणीत टाकावा. पहिल्या दिवशी एक किलो प्रक्रिया केलेला चारा नेहमीच्या चाऱ्यात मिसळावा आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. सहा महिन्यांच्या आतील वासरांना आणि घोड्या-गाढवांना हा चारा देऊ नये. युरियाच्या द्रावणाचा हौद किंवा बादली जनावराच्या तोंडाला लागेल अशी कधीही ठेवू नये. थेट पोटात गेलेला युरिया काही मिनिटांत इतका अमोनिया सोडतो की जनावर थरथरते, पोट फुगते आणि तासाभरात दगावू शकते. अशी शंका आली तर क्षणाचाही वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

चौथी पायरी: खुराक कधी, किती आणि कशानंतर

चारशे किलो वजनाच्या दुभत्या गायीला दिवसाला साधारण १२ किलो कोरडे द्रव्य (पाणी वगळून उरणारे चाऱ्याचे वजन) लागते. त्यातले दोन तृतीयांश चाऱ्यातून आणि एक तृतीयांश खुराकातून यावे. प्रत्यक्षात हे पंधरा किलो नेपियर, साडेपाच किलो कडबा आणि साडेचार किलो पेंड व भरडा असे होते. खुराक दोन वेळा धारेला देण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडा थोडा द्यावा आणि कडब्याची कुट्टी दोन-तीन किलो खाऊन झाल्यावर द्यावा. पोटात तंतूची जाडी आधी तयार असली की भरडा तिच्यात अडकून हळू आंबतो.

हे इतके जपून का करायचे, हे एका चुकीतून मी शिकलो. आमच्या गोठ्यात शेजारच्या लग्नघरून उरलेला भात घमेल्याने आला आणि आम्ही तो संकरित गायीसमोर ठेवला. तिने आवडीने खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली मान घालून उभी होती, रवंथ बंद होती, भकाळीत हात लावला तर आत पाणी डचमळल्यासारखे वाटत होते आणि शेण पातळ, आंबट वासाचे पडत होते. पिष्ट एकदम मिळाल्यावर स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जीवाणू झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल तयार करतो. सामू ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जीवाणू काम थांबवतात, साडेपाचाच्या खाली एकपेशीय प्राणी मरू लागतात, आणि त्याहून खाली कोटीपोटाचे अस्तरच सोलले जाते. सलाईन आणि सोडा देऊन पशुवैद्यकांनी ती वाचवली. दूध मात्र त्या वेतात पूर्वीइतके परत आले नाही. तेव्हापासून शिळा भात, पोळ्या, गव्हाचे पीठ किंवा सांडलेली ज्वारी आम्ही जनावरासमोर येऊ देत नाही.

तेलाबद्दलही हीच सावधगिरी हवी. आहाराच्या कोरड्या वजनात एकूण स्निग्धांश ५-६ टक्क्यांवर गेले की तेल तंतूवर पसरते आणि जीवाणूंनाही मारक ठरते. फॅट वाढावे म्हणून गायीला तेल पाजणारे लोक मी पाहिले आहेत. परिणाम बहुधा उलटा होतो.

चारा बदलताना दहा ते चौदा दिवस घ्यावेत. पहिले तीन दिवस नवा चारा एक चतुर्थांश, पुढचे तीन-चार दिवस निम्मा, मग तीन चतुर्थांश, आणि त्यानंतर पूर्ण. जीवाणूंची नवी घडी बसायला तेवढा काळ लागतोच. ऊसतोडीच्या हंगामात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण वाढ्यांत, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्यात, ऑक्झलेट असते आणि ते शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. कोटीपोटात ऑक्झलेट पचवणारा ऑक्झलोबॅक्टर नावाचा जीवाणू असतो. वाढे हळूहळू वाढवले तर त्याची संख्याही वाढते. तरीही महिनोन्महिने केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये आणि कॅल्शियम असलेले खनिज मिश्रण द्यावे.

पाणी दिवसभर समोर असावे. मीठ आणि खनिज मिश्रण रोजच्या खुराकात असावे. त्यातल्या गंधकाशिवाय जीवाणूंना काही प्रथिने बांधताच येत नाहीत, आणि युरिया प्रक्रियेचा चारा चालू असताना त्याची गरज आणखी वाढते.

वासराच्या पोटात जीवाणू वसवणे

वासरू जन्मते तेव्हा त्याचे कोटीपोट लहान, निकामी आणि जीवाणूविरहित असते. दूध पिताना अन्ननलिकेच्या टोकाची खोबण मिटून नळी बनते आणि दूध सरळ खऱ्या पोटात उतरते. गाय वासराला चाटते, वासरू कास, गव्हाण, दावण चाटते, त्यातूनच पहिले जीवाणू येतात. तंतू पचवणारे जीवाणू पहिल्या आठवड्यातच सापडू लागतात. म्हणून चीक पाजून वासरू लगेच वेगळे केले, तरी दुसऱ्या आठवड्यापासून त्याला मोठ्या निरोगी जनावरांच्या शेजारी बांधावे. त्याच सुमारास मूठभर वासरांचा खुराक आणि मऊ वाळलेले गवत समोर ठेवावे. खुराकातून तयार होणारे ब्युटिरिक आम्ल कोटीपोटाच्या आतले उंचवटे वाढवते, आणि गवत त्याच्या भिंतीचे स्नायू बळकट करते. दोन्ही हवे. नुसत्या दुधावर तीन महिने वाढवलेले वासरू गुटगुटीत दिसते, पण दूध तोडताच खंगते, कारण चारा पचवायला आत कोणी तयार झालेलेच नसते.

पोट बिघडल्यानंतर पुन्हा घडी बसवणे

आम्लाचा त्रास, तोंडावाटे दिलेली प्रतिजैविके किंवा चार-पाच दिवसांचा उपवास यांनंतर जीवाणूंची वस्ती विस्कळीत होते. आजार उतरला तरी जनावर चारा खात नसेल, तर पशुवैद्यक निरोगी जनावराच्या कोटीपोटातला ताजा द्रव नळीने पाजतात. काही लिटर कोमट द्रवाने अनेकदा एक-दोन दिवसांत भूक परत येते. घरी मात्र आपल्या हातात एवढेच असते की पहिले दोन दिवस खुराक पूर्ण बंद ठेवावा, दोन-तीन किलो चांगला पानेदार कडबा लांबच्या कुट्टीत समोर ठेवावा, शेजारी स्वच्छ पाणी ठेवावे आणि जनावराकडे लक्ष ठेवावे. रवंथ सुरू झाली की एका घासाला चावणे मोजावे. पहिल्या दिवशी ते वीस-पंचवीस भरेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाळीसवर जाईल. ते पन्नास ओलांडेल त्या दिवशी अर्धा किलो पेंडीने सुरुवात करावी आणि दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवत, शेण चाळणीत धुऊन पाहत, पूर्ण खुराकावर यावे.